डावा पाय घासणारा शिपाई

नीता मोघे नवीन माणसाला भेटली की आधी त्याच्या पायांकडे बघायची, तोंडाकडे नंतर. धंद्याची सवय. सिंगापूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर लिफ्टच्या मागच्या अंगाला तिची खोली होती. तिथे ती मधुमेह झालेल्यांसाठी, पाऊल वाकडं पडणाऱ्यांसाठी, अपघातात पाय आखूड झालेल्यांसाठी बूट आणि बुटांचे आतले तळ बनवायची. पेशंट आत आला की त्याला बसायला सांगायच्या आधीच ती त्याची जुनी चप्पल मागून घ्यायची, उलटी करायची आणि दिव्याखाली धरायची. कुठे झिजलीय, कुठे नवीकोरी राहिलीय ते बघायची. मग विचारायची, "उजव्या खांद्यावर बॅग घेता का हो तुम्ही?" पेशंट चकित व्हायचा. सुरुवातीला तिला त्याची गंमत वाटायची. आता पन्नाशी उलटून गेली होती आणि गंमत राहिली नव्हती, पण नजर तेवढीच राहिली होती.

तिचे सगळ्यात जुने पेशंट म्हणजे तेओ अंकल. तरुणपणी तांजोंग पगारच्या बंदरात हमाली करताना त्यांच्या पायावर पेटी पडली. डावा पाय मोडला, जुळला, पण बोटभर आखूड राहिला. त्यांच्या रबरी चपलेचा पुढचा भाग बाहेरच्या कडेने कागदासारखा पातळ व्हायचा आणि टाच मात्र दुकानातून आत्ताच आणल्यासारखी. कारण टाच जमिनीला टेकतच नसे. नीताने त्यांना टाचेखाली घालायला एक उंचवटा करून दिला होता. ते तो इमानेइतबारे घरी ठेवून यायचे.

"गरम होतं, लाह," ते सिंगापुरी लकबीत म्हणायचे. "साठ वर्षं असाच चाललो. आता सरळ चाललो तर बायको ओळखणार नाही मला."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. नीता हसायची आणि पुढच्या महिन्याची तारीख द्यायची.

नीताचा नवरा प्रबोध पुण्याला होता. एकेकाळी तिघंही इथेच होती. प्रबोधला इथल्या कंपनीत मॅनेजरची नोकरी लागली, त्याच्या कामाच्या परवान्यावर नीता आणि लहानगी इरा आली. मुंबईत कृत्रिम हातपाय बनवायचं शिक्षण घेतलेल्या नीताला इथे हॉस्पिटलात काम मिळालं. सेंगकांगला फ्लॅट घेतला, खाली एलआरटीची छोटी रेल्वे, समोर शाळा. इरा मोठी झाली आणि मेलबर्नला शिकायला गेली ती तिथेच रमली. त्याच सुमारास प्रबोधच्या कंपनीने इथलं ऑफिस बंद केलं, आणि पुण्यात त्याची आई गेली. अण्णा, म्हणजे प्रबोधचे वडील, एकटे पडले. त्यांचे हात थरथरायला लागले होते.

"दोन वर्षं मी जातो," प्रबोध म्हणाला होता. "तू तुझं काम सोडू नकोस. अण्णांचं एकदा नीट लागलं की बघू."

अण्णांचं नीट लागलं नाही. ते हळूहळू, अगदी सावकाश, बिघडत गेलं. दोन वर्षांची चार झाली, चाराची सात झाली, मग दोघांनी मोजणं सोडलं. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पहिली काही वर्षं बायका विचारायच्या, "नीताताई, प्रबोध नाही आले?" ती सांगायची, "या वेळी नाही जमलं." मग एका वर्षी कोणीच विचारलं नाही. त्या संध्याकाळी ती आरती संपायच्या आत निघून आली.

रविवारी सकाळी ती ईस्ट कोस्टला फिरायला जायची आणि समुद्राकडे तोंड करून एखाद्या बाकावर बसून प्रबोधला फोन लावायची. हा नेम दोघांनी पाळला होता. तो सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल सांगायचा. ती हॉस्पिटलच्या नव्या साहेबांबद्दल सांगायची. अण्णा कसे आहेत, असं ती विचारायची. "आहेत तसेच," तो म्हणायचा. मग थोडा वेळ दोघं गप्प. मग तो म्हणायचा, "बरं, ठेवू?"

अशात तो किल्ला आला.

बूट बनवणाऱ्यांचा एक गट होता, जगभरातले लोक ऑनलाइन एकमेकांना अडचणी विचारायचे. तिथे एक दिवस इंग्लंडच्या एका बाईने लिहिलं की मी पुरातत्त्वाचं काम करते, माझ्याकडे रोमन काळातले जुने जोडे आहेत, ज्यांचे तळ विचित्र झिजले आहेत. रोज आजारी पाय बघणारं कोणी ते बघून देईल का? नीताने दोन ओळींत लिहिलं, मी बघीन. त्या बाईचं नाव डॉ. हिलरी. आठवड्याने तिने संगणकावर फिरवून सगळ्या बाजूंनी बघता येतील अशी जोड्यांची चित्रं पाठवली, आणि सोबत अर्धा तास व्हिडिओवर बोलली.

जोडे एका किल्ल्यात सापडलेत असं कळल्यावर नीताच्या डोळ्यांसमोर सिंहगड उभा राहिला होता. हा तसला नव्हता. इंग्लंडच्या उत्तरेला, जिथे रोमन साम्राज्याची हद्द संपायची, तिथल्या ओल्या गवताळ माळावर कोपरे गोल केलेल्या चौकटीसारखा आखलेला. चार बाजूंना चार दरवाजे, मधोमध कचेरी, शेजारी धान्याची कोठारं, आणि दोन्ही अंगांना शिपायांच्या लांबलचक चाळी. एकेका खोलीत सात-आठ जण. हद्दीवरच्या सगळ्या किल्ल्यांचा नकाशा साधारण हाच. म्हणजे एका किल्ल्यातला माणूस बदली होऊन दुसऱ्या किल्ल्यात गेला तर त्याला अंधारातसुद्धा आपली खोली सापडावी.

"आणि शिपाई रोमचे?" नीताने विचारलं.

"बहुतेक नाहीत," हिलरी म्हणाली. "ऱ्हाईन नदीच्या मुखाकडचे, गॉलचे म्हणजे आताच्या फ्रान्सचे, स्पेनचे. काही ठिकाणी थेट सीरियाचे तिरंदाज. वीस-पंचवीस वर्षांची नोकरी. त्यातल्या बऱ्याच काळात लग्नाला परवानगी नव्हती. तरी दरवाजाबाहेर वस्ती असायची, बायका असायच्या, पोरं असायची. आम्हाला पोरांचे जोडे मिळतात, अगदी चाळींच्या आतसुद्धा."

जोडे टिकले होते ते चिखलामुळे. सुरुवातीचे किल्ले लाकडाचे आणि मातीच्या ढेपांचे होते. एक पलटण हलली की जुनं पाडायचं, नको ते सामान खंदकात लोटायचं, वर चिकणमाती अंथरून नवी पलटण नवा किल्ला बांधायची. तो जुना झाला की पुन्हा तेच. असे एकावर एक कितीतरी किल्ले एकाच जागी. खालच्या थरांत पाणी साचलेलं, हवा पोचत नाही, त्यामुळे कातडं कुजत नाही. हिलरीच्या माणसांनी खंदकातून जोडा वर काढला की कधीकधी आतल्या तळावर पाचही बोटांचे खळगे दिसायचे.

"मी तुम्हाला कुठला जोडा कुठल्या थरातला ते सांगणार नाही," हिलरी म्हणाली. "नुसते नंबर. माहिती असली की माणूस तेच बघतो. तुम्ही फक्त पाय बघा."

नीताला ही पद्धत फार आवडली. तिने साहेबांना विचारून हॉस्पिटलच्या प्रिंटरवर, ज्याच्यावर एरवी पेशंटच्या पायाचे साचे निघायचे, त्यावर काही जोडे छापून घेतले. शनिवारी दुपारी डिपार्टमेंट रिकामं झालं की ती त्यांना टेबलावर मांडायची. बरेचसे साधे होते. जड माणसाचे, घाईत चालणाऱ्याचे, अंगठा आत वळलेल्याचे. आणि मग एका शनिवारी तिने एक डाव्या पायाचा जोडा उचलला आणि ती तो हातात धरून तशीच उभी राहिली.

तळाला लोखंडी खिळे ठोकलेले होते. पुढच्या भागात, बाहेरच्या कडेचे खिळे झिजून कातड्याच्या बरोबरीला आले होते. दोन गळूनच गेलेले. टाचेचे खिळे मात्र टोकदार. एकही झिजलेला नाही.

टाच टेकत नव्हती.

त्या रविवारी फोनवर पाण्याची टाकी संपली, साहेब संपले, आणि नेहमीची शांतता आली. ती भरायला म्हणून नीता बोलून गेली, "मला एक शिपाई भेटलाय. डावा पाय घासत चालतो."

"कुठे? हॉस्पिटलात?"

"नाही. जाऊन अठराशे वर्षं झाली असतील त्याला."

प्रबोध हसला. कितीतरी दिवसांनी. मग तिने सगळं सांगितलं. किल्ला, खंदक, चिखल, खिळे. तो मधे मधे विचारत गेला. "पण शिपाई कशावरून? लंगड्या माणसाला पलटणीत कोण ठेवेल? खेचरं हाकणारा असेल, कुणाचा नोकर असेल."

"खिळे दाट आहेत. घालणारा रोज मैलोगणती चालणारा असावा, असं हिलरी म्हणते. पण खात्री नाही असंही म्हणते."

"मग भरती झाल्यावर पडला असेल," प्रबोध म्हणाला. "भिंतीवरून. किंवा बैलगाडीखाली पाय आला असेल."

त्या रविवारी फोन ठेवताना "बरं, ठेवू?" नीताने म्हटलं.

पुढच्या रविवारी प्रबोधनेच विचारलं, "तुझा शिपाई काय म्हणतो?" त्याने आठवडाभरात वाचन केलं होतं. हद्दीवरच्या किल्ल्यांचे नकाशे शोधून काढले होते. कोठारांची जमीन उंचावर का बांधायचे, उंदीर आणि ओल लागू नये म्हणून. हमामखाना तटाबाहेर का, तर आगीची भीती. तो ते नीताला असं सांगायचा जशी ती तिथे राहायला जाणार होती. दोघांनी मिळून शिपायाला कोठारावर काम दिलं. तिथे फार चालावं लागत नाही, प्रबोध म्हणाला. शिवाय छपराखाली. मग नीता म्हणाली, थंडीत असा पाय फार दुखतो, त्याला चुलीजवळची जागा मिळायला हवी. "खोलीतले बाकीचे देतील?" प्रबोधने विचारलं. "देतील की. सात जणांत एक तरी बरा माणूस असतोच."

अण्णांना मी सांगत असतो, असंही प्रबोधने एकदा सांगितलं. अण्णांची मान हलायची तेवढी हलायची, पण ते रोज विचारायचे, त्या लंगड्याचं पुढे काय झालं?

पुढे काय झालं ते नीताला दोन महिन्यांनी सापडलं. हिलरीने पाठवलेल्या दुसऱ्या हप्त्यात आणखी एक डावा जोडा होता. तेच माप. पुढची बाहेरची कड तशीच झिजलेली, पण कमी. आणि टाचेखाली कातड्याचे चार थर, एकावर एक, पुढे निमुळते करत आणलेले, बारीक खिळ्यांनी पक्के केलेले. नीताने बोट फिरवून बघितलं. हे दुरुस्तीचं ठिगळकाम नव्हतं. तेओ अंकलना तिने करून दिला होता तोच उंचवटा, त्याच उताराचा, हिशोबाने केलेला. कुणीतरी या माणसाला उभं करून, त्याच्या टाचेखाली किती जागा राहते ते वाकून बघितलं होतं.

ती खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं. आपल्याला का रडू येतंय हे तिने स्वतःला विचारलं नाही.

"त्याला टाच मिळाली," तिने रविवारी सांगितलं. प्रबोधला आधी कळेना. कळल्यावर तो म्हणाला, "थांब, थांब, अण्णांना सांगतो," आणि फोन घेऊन आत गेला. नीताला त्याच्या पावलांचा आवाज आला, दार सरकल्याचा आवाज आला. अण्णांचा क्षीण आवाज आला, "कोणी करून दिली?" ईस्ट कोस्टच्या त्या बाकावर, सायकली आणि पोरं आणि कुत्री समोरून चाललेली असताना, नीता मोठ्याने म्हणाली, "मोची होता अण्णा, किल्ल्यात. चांगला माणूस होता."

तिने हिलरीला सविस्तर लिहिलं. एकाच माणसाचे दोन जोडे, आधीचा आणि नंतरचा; मोजमापं, कोन, फोटो. हिलरीने लगेच व्हिडिओवर वेळ मागितली. नीता दुपारच्या सुट्टीत खोलीचं दार लावून बसली.

हिलरी आनंदात होती. "नीता, हा उंचवटा मी आणखी दोघांना दाखवला. दोघांचं म्हणणं तुमच्यासारखंच. मुद्दाम आखूड पायासाठी केलेला. मी इतकी वर्षं हा जोडा नुसता 'दुरुस्त केलेला' म्हणून ठेवला होता." मग ती जराशी थांबली. "पण एक माणूस नाही. आता थर सांगायला हरकत नाही. पहिला जोडा सगळ्यात खालच्या खंदकांपैकी एकातला आहे. दुसरा वरचा, दगडी किल्ल्याच्या काळातला. मधे किल्ला पाडून पुन्हा बांधला गेला, एकदा नव्हे, तीन-चारदा. पलटणीसुद्धा वेगळ्या. दोघांमध्ये शंभर वर्षं तरी आहेत."

"माप तेच आहे," नीता म्हणाली.

"हो."

"झीज तीच आहे. कोनसुद्धा. वरचा जोडा खाली घसरला असेल. तुम्ही म्हणालात ना, खंदक पुन्हा खणायचे."

"तसं होतं कधीकधी. इथे नाही झालं. खालच्या थरावर हातभर चिकणमाती आहे, कुठेही फुटलेली नाही." हिलरीचा आवाज मऊ झाला. "दोन माणसं होती, नीता."

फोन संपल्यावर नीताने वाद घालायला म्हणून आपल्याच कपाटातले साचे काढले. तेओ अंकलच्या डाव्या पायाचा साचा काढला, त्यांच्या टाकून दिलेल्या चपलेचा फोटो काढला आणि दोन्ही जोड्यांशेजारी ठेवला. तीच कड झिजलेली होती. तोच कोन. पाय आखूड असला की माणूस असाच चालतो, मग तो सीमेवरचा असो की बंदरावरचा. हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. विद्यार्थ्यांना ती हेच शिकवायची, की झीज रोग सांगते, माणूस सांगत नाही. इतके दिवस तिने ते बाजूला कसं सारलं? तिला कुणीतरी हवं होतं, म्हणून तिने दोन अनोळखी माणसं शिवून एक केलं होतं.

आणि ज्याला टाच मिळाली तो दुसराच होता. पहिला तसाच चालत राहिला होता, खिळे गळेपर्यंत, आणि मग त्याचा जोडा खंदकात गेला होता. त्याला कोणीही वाकून बघितलं नव्हतं.

रविवारी तिने प्रबोधला सांगितलं नाही.

"तुझा शिपाई काय म्हणतो?"

"बरा आहे."

"टाचेची सवय झाली का त्याला?"

"होतेय हळूहळू."

पुढच्या रविवारी तिने पाऊस आहे म्हणून ईस्ट कोस्टला जायचं टाळलं आणि घरूनच बोलली. प्रबोधने विचारलं, अण्णा म्हणताहेत, त्याने मोच्याला काय दिलं बदल्यात? नीताने काहीतरी सांगितलं. एक कोंबडी दिली म्हणून सांगितलं. पलीकडे प्रबोध अण्णांना ओरडून सांगत होता, "कोंबडी!" आणि अण्णा हसत होते, खोकत होते. फोन ठेवल्यावर तिने भांडी घासली, पुसली, पुन्हा घासली. खोटं बोलल्याचं तिला तितकंसं वाटत नव्हतं. पण त्या दोघांच्या हसण्यात आपण एकट्याच बाहेर उभ्या आहोत असं काहीतरी झालं होतं, आणि ते सोसवत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी तिने सांगून टाकलं. थर, चिकणमाती, शंभर वर्षं. मागे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे दोघं एकमेकांना कधी भेटलेच नाहीत," तो म्हणाला.

"कसे भेटणार?"

"एकाच जागी राहिले आणि," प्रबोध म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "मग पहिल्याचं काय झालं?"

हाच प्रश्न घेऊन ती तीन आठवडे हिंडत होती. "काही नाही झालं," ती म्हणाली. "तसाच चालला असेल. असा माणूस चाळिशीत कमरेतून जातो. मग उठता-बसता त्रास. सांगत नाहीत असली माणसं कुणाला."

नीताला वाटलं, आता तो म्हणेल, बरं, ठेवू? तो म्हणाला, "नीता, माझी घरातली चप्पल हल्ली एका बाजूने फार झिजते. फोटो पाठवू का? बघशील?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. जगभरच्या लोकांच्या चपला ती बघायची, आणि प्रबोधने कधी आपली चप्पल तिला दाखवली नव्हती, तिने मागितलीही नव्हती. फोटो आले. निळी रबरी चप्पल, दोन्ही पायांची, उलटी करून फरशीवर ठेवलेली. नीताने ते मोठे केले.

उजव्या चपलेची आतली कड चेचल्यासारखी दबली होती. डाव्या चपलेच्या पुढच्या भागात एका जागी पिळा बसून रबर खरवडलं होतं, म्हणजे तो त्या पायावर भार घेऊन जागच्या जागी वळत होता. रोज, त्याच बाजूला, काहीतरी जड घेऊन. चालून अशी झीज होत नाही. नीताने हॉस्पिटलातल्या वॉर्डबॉयच्या बुटांवर ती पाहिली होती.

तिने लगेच फोन लावला. "अण्णांना पलंगावरून तू एकटा उचलतोस?"

"कोण म्हणालं?"

"चप्पल म्हणाली. माणूस येतो ना कामाला? तू म्हणाला होतास, माणूस ठेवलाय."

"होता. सोडून गेला. मग दुसरा ठेवला, तोही गेला." प्रबोध अडखळला. "झालं की आता दीड वर्ष. जमतं मला."

"कंबर?"

"आहे थोडी."

"थोडी म्हणजे?"

"सकाळी मोजे घालता येत नाहीत," प्रबोध म्हणाला. "म्हणून घालत नाही."

नीता खिडकीपाशी उभी होती. खालून एलआरटी गेली, दोनच डबे, आत दोन-चार माणसं. "मी येऊ का?" तिने विचारलं.

"येऊन झोपशील कुठे? हॉलमध्ये अण्णांचा पलंग आहे. आतल्या खोलीत सगळं सामान भरलंय."

"जमिनीवर झोपेन."

तो नको म्हणाला नाही. नीताने सोमवारी साहेबांकडे रजा टाकली.

पुण्यात ती तीन आठवडे राहिली. घरात ती पाहुण्यासारखी वावरली. चहाचा डबा कुठे आहे हेही विचारावं लागलं. आतल्या खोलीतलं सामान दोघांनी मिळून हलवलं, त्यात इराच्या शाळेचे बूट निघाले, ते कुणी टाकले नाहीत. अण्णांनी तिला पाहिल्यावर पहिलाच प्रश्न विचारला, "दोघं होते म्हणे?" "हो अण्णा, दोघं." "असू दे," अण्णा म्हणाले. नीताने प्रबोधला माणूस कसा उचलायचा ते शिकवलं. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. अण्णांचे पाय आधी खाली सोडायचे. त्यांना सांगायचं, मी मोजतो, तिसऱ्या आकड्याला तुम्हीही जोर लावा. पहिल्यांदा दोघांनी दोन बाजूंनी धरलं. नीताचा हात अण्णांच्या पाठीमागे प्रबोधच्या हाताखाली आला, आणि अण्णांना खुर्चीत बसवून झाल्यावरही दोघांनी हात लगेच काढले नाहीत. मग अण्णांनी पाणी मागितलं.

एजन्सीला सांगून नवा माणूस ठेवला. प्रबोधसाठी तिने कमरेचा पट्टा आणला, चपलेत घालायला तळ करून दिले. परत जायच्या आदल्या संध्याकाळी तिला वाटलं, आता तो विचारेल. त्यालाही बहुधा वाटलं असावं, आता ती विचारेल. "इथे दवाखान्यात पायांचं काम मिळेल का गं तुला?" असं त्याने विचारलंही, पण बॅगेची चेन लावता लावता, आणि तीही वजनकाट्याकडे बघत म्हणाली, "बघायला हवं." एवढ्यावरच राहिलं.

सिंगापूरला परतली तेव्हा हिलरीची मेल येऊन पडली होती. किल्ल्याच्या संग्रहालयात दोन्ही जोडे आता लोकांना बघायला ठेवले होते, आपापल्या काळाच्या कपाटात, एक दाराशी आणि एक पार शेवटच्या दालनात. नीताचं मत म्हणून तिचं नाव दिलं होतं. उद्‌घाटनाला या, असं लिहिलं होतं. रजा सगळी संपली होती. नीताने आभार मानले आणि पुढचा हप्ता पाठवा म्हणून कळवलं.

फ्लॅटमध्ये कोंदट वास भरला होता. तिने खिडक्या उघडल्या, बॅग तशीच दारात ठेवली आणि पोचल्याचं कळवायला प्रबोधला फोन लावला.

"पोचले."

"हां, बरं झालं. जरा थांब हं, अण्णांना उठवतोय. माणूस आज आला नाहीये." त्याने फोन कुठेतरी टेबलावर ठेवला. बंद करायला विसरला.

नीता खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिली. पलंगाची करकर आली. प्रबोध म्हणाला, "आधी पाय, अण्णा." मग त्याचा आवाज, सावकाश, एक, दोन, तीन. अण्णांचा सुस्कारा. खुर्ची सरकली. पाण्याचा पेला वाजला. कोणीतरी पंखा लावला. त्यानंतर लांबवर नळाचं पाणी, कुणाचं तरी बोलणं, जे नीट कळत नव्हतं, आणि पुन्हा पंखा. फोनची आठवण तिकडे कोणालाच राहिली नव्हती. तिने हाक मारली नाही. बाहेर काळोख व्हायला लागला तरी ती तशीच, फोन कानाला लावून, बसून होती.